उपचारानंतरचे दिवस : क्षय ते कर्करोग, महाराष्ट्रातील 'बळ भरून येण्या'चा इतिहास

प्रस्तावना

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव पुणे-सातारा महामार्गाच्या परिसरात वसलेले आहे. आजारी माणसाच्या दृष्टीने या रस्त्याला दोन टोके आहेत. उत्तरेकडे पुणे आणि पुण्यापलीकडे मुंबईतील परळ. तेथे रोगावर उपचार होतात. दक्षिणेकडे वाई आणि पाचगणी. तेथे एकेकाळी रोगी हवापालटासाठी, म्हणजे अंगात बळ भरून यावे म्हणून जात असत. विसाव्या शतकात उत्तरेची वाट रुंद होत गेली. दक्षिणेची वाट सहलीची झाली; रोग्याची राहिली नाही. कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास लिहिताना यंत्रे, शस्त्रक्रिया, औषधे आणि संस्था यांची दखल घेतली जाते व ते योग्यच आहे. परंतु उपचार संपवून गावी परतलेल्या माणसाला पुन्हा चालता येणे, जेवणाची गोडी लागणे, चहाचा वास हवासा वाटणे या गोष्टींची जबाबदारी कोणावर होती, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो विचारला आहे.

या विषयात साधनांची अडचण आहे आणि ती आकस्मिक नाही. मराठीत आजार सरण्याविषयी दोन वेगळे शब्दसमूह आहेत. 'उतार पडला', 'गुण आला', 'रोग बरा झाला' ही भाषा रोगाविषयी बोलते. 'अंग धरले', 'पायात त्राण आले', 'तोंडाला चव आली', 'हिंडू-फिरू लागला' ही भाषा माणसाविषयी बोलते. रुग्णालयाच्या नोंदवह्या पहिल्या भाषेत लिहिल्या जातात: उपचार पूर्ण, रोगाचा मागमूस नाही, पाच वर्षे हयात. दुसरी भाषा स्वयंपाकघरात आणि ओसरीवर वापरली जाते. तिचे दप्तर नसते, त्यामुळे तिचा इतिहासही राहिला नाही.

क्षयरोग्याची विश्रांती

बळ भरून येण्याचा काळ हा उपचाराचाच भाग मानण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. ती क्षयरोगामुळे रुजली होती. पाचगणी येथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. मिरजेजवळ वानलेसवाडी येथे मिशनचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर नेमके औषध नसल्यामुळे मोकळी हवा, भरपूर आहार आणि विश्रांती हाच त्या काळी मुख्य उपचार होता. विश्रांती म्हणजे केवळ पडून राहणेही नव्हे. इंग्लंडमधील फ्रिमली येथील आरोग्यधामात १९०५ नंतर मार्कस पॅटरसन या डॉक्टरांनी रोग्यांना पायऱ्यापायऱ्यांनी श्रम देण्याची पद्धत बसविली. आधी थोडे चालणे, मग ते अंतर वाढविणे, मग मातीच्या टोपल्या वाहणे, मग लहान फावडे, शेवटी मोठे. शरीराने एक पायरी पचविल्याशिवाय पुढची दिली जात नसे. आरोग्यधामाचे जीवन कंटाळवाणे, शिस्तीचे आणि बहुतांशी ऐपतदारांना परवडणारे होते, हे विसरता येत नाही. मावळातील शेतकऱ्याच्या वाट्याला पाचगणीची हवा फारशी आली नसणार. तरीही रोग्याचे वजन, भूक, झोप आणि चाल यांची रोजच्या रोज नोंद घेणारी एक वैद्यकीय संस्कृती त्या काळी अस्तित्वात होती, एवढे निश्चित.

ही संस्कृती मोडली ती एका यशामुळे. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात १९३ क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला शहरातील दाट वस्तीतील स्वतःच्या घरीच औषधे दिली. औषधे दोन्हीकडे तीच होती, आयसोनियाझिड आणि पी. ए. एस. आरोग्यधामात आहार अधिक सकस व विश्रांती अधिक होती, तरीही वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर गरीब देशांतील क्षयनियंत्रणाची दिशा बदलली आणि लक्षावधी रोग्यांना घरी राहून उपचार घेणे शक्य झाले. या अभ्यासाचे मोल वादातीत आहे. मात्र त्याचा निष्कर्ष क्षयाचे जंतू नष्ट होण्यापुरता होता. सकस आहार आणि विश्रांतीने माणसाच्या जगण्यात काहीच फरक पडत नाही, असे त्यात कोठेही सिद्ध झालेले नव्हते. प्रत्यक्षात मात्र, औषध असेल तर आरोग्यधाम नको, आणि आरोग्यधाम नको तर बळ भरून येण्याच्या काळाची वेगळी व्यवस्थाही नको, असा अर्थ रूढ झाला.

परळची वाट

याच सुमारास कर्करोगाचे उपचार विस्तारत होते. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या शल्यविशारदांमुळे या रुग्णालयाचे नाव खेडोपाडी पोहोचले. आजही ग्रामीण महाराष्ट्रात 'टाटाला नेले' एवढे म्हटले की रोगाचे नाव निराळे सांगावे लागत नाही.

परंतु कर्करोगाला क्षयासारखा आरोग्यधामाचा वारसा मिळाला नाही. मद्रासचा निष्कर्ष हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. क्षयरोगी बरा होऊन परत येईल अशी निदान कल्पना तरी करता येत होती. कर्करोगी परत येत नाही, हीच सर्वसाधारण समजूत होती. सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये या दोन आजारांभोवतीच्या रूपकांची तुलना करून क्षयाभोवती हळवेपणाचे आणि कर्करोगाभोवती शरमेचे व युद्धाचे रूपक कसे जमले, हे दाखविले. त्यात महाराष्ट्रापुरती भर घालता येते. ज्या रोगाचे नावच उच्चारायचे नाही, त्यातून उठल्यावर काय करायचे याचे पथ्य तरी कोण सांगणार?

व्यवहारात प्रश्न निवाऱ्याचा होता. डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे साधारणतः सहा ते सात आठवडे चालतात. प्रत्येक वेळचा उपचार काही मिनिटांचा, उरलेला दिवस मोकळा. भोर-वेल्ह्याच्या रुग्णाने एवढे दिवस मुंबईत राहायचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने नव्हे, तर धर्मशाळेच्या परंपरेने दिले. दादर येथील गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, वांद्र्याचे बोर्जेस यांच्या नावाचे निवासस्थान अशा ठिकाणी रुग्ण व त्यांचे सोबती राहू लागले. या वास्तूंचा अभ्यास केवळ दानधर्म म्हणून होतो, ही उणीव आहे. एकच आजार भोगणारी अनोळखी माणसे तेथे प्रथमच एका छताखाली आली. तोंड आले असता काय गिळता येते, केस पुन्हा कधी येतात, थकवा किती महिने टिकतो, हे ज्ञान एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्यास या जागा सोयीच्या होत्या. आरोग्यधामाचे काही काम धर्मशाळेने, कोणी न सांगता, अंगावर घेतले असे म्हणता येईल.

पथ्य, माहेर आणि चूल

गावी परतल्यानंतरचा काळ घराचा. येथे दोन देशी परंपरा विचारात घ्याव्या लागतात. पहिली आयुर्वेदाची. पंचकर्मातील शोधनानंतर अग्नी मंद झालेला असतो, म्हणून रोग्याला एकदम नेहमीचे अन्न न देता पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने, शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन, पाच किंवा सात दिवसांत पूर्ण आहारावर आणावे, असा संसर्जनक्रम ग्रंथांत सांगितलेला आहे. व्यायाम करावा तोही अर्ध्या शक्तीने, असे वाग्भट सांगतो. यावरून प्राचीनांना कर्करोगाचा उपचार ठाऊक होता असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. येथे मुद्दा वेगळा आहे. उपचाराने शरीर खचते आणि त्याला पायरीपायरीने परत आणावे लागते, ही कल्पना येथील पथ्यविचारात मुळातच होती. आजाऱ्याला भाताची पेज, मुगाचे कढण, मग मऊ भात, मग भाकरी देणारी घरची बाई तो क्रम ग्रंथ न वाचता पाळत आलेली आहे.

दुसरी परंपरा बाळंतपणाची. मराठी घराने स्त्रीच्या शरीराला हक्काची विश्रांती मान्य केली ती जवळजवळ याच एका प्रसंगी. सव्वा महिना, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि शक्य तर माहेर. बाळंतीण चुलीपाशी गेली नाही तरी तिला कोणी नावे ठेवत नाही. कर्करोगाचे उपचार घेऊन आलेल्या स्त्रीला अशी सामाजिक मुभा नाही. स्तन किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार करून ती घरी येते तेव्हा तिचे पथ्य करायला दुसरे कोणी नसते, कारण घरातील पथ्य करणारी तीच असते. पुरुष आजारी पडला तर एक बाई त्याच्याभोवती उभी राहते. बाई आजारी पडली तर तिची सासू, जाऊ किंवा शाळकरी मुलगी कामाला जुंपली जाते आणि तिचे स्वतःचे बळ भरून येण्याआधीच हंडा तिच्या हाती परत येतो. आरोग्यधामाच्या इतिहासात वर्गभेद जेवढा ठळक दिसतो, तेवढाच घरातील विश्रांतीच्या इतिहासात लिंगभेद दिसतो. या दुसऱ्या भेदाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

तिसऱ्या एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. तंबाखू-चुना आणि मिश्री हे ग्रामीण महाराष्ट्राचे रोजचे सुख होते व आहे. मुखाचा कर्करोग झालेल्या माणसाला उपचारानंतर चहा, भाकरी, ठेचा, पारावरच्या गप्पा हे सारे हळूहळू परत मिळू शकते. परंतु त्या गप्पांना बांधून ठेवणारी चंची मात्र परत घेता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. चंचीला अशी बंदी कोण घालणार? बरा झालेला माणूस पारावर जाण्याचेच टाळू लागतो, आणि एका सवयीबरोबर त्याची माणसेही सुटतात. हे दुःख उपचाराच्या दुष्परिणामांच्या यादीत सापडत नाही.

विश्रांतीकडून चालण्याकडे

पाश्चात्त्य वैद्यकातही हा काळ बराच काळ निनावी होता. स्वतः कर्करोगातून उठलेले अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मलन यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात, बरे होणे ही एक घटना नसून ऋतूंसारख्या बदलत जाणाऱ्या अवस्था आहेत, असे मांडले. उपचार संपल्यावर रुग्ण दोन व्यवस्थांच्या मध्ये हरवतो, हे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ च्या अहवालात अधिकृतपणे मान्य केले. भारतात यापूर्वीच एक पाऊल पडले होते. टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये, कर्करोगातून बऱ्या झालेल्या बालकांसाठी उपचारोत्तर दवाखाना सुरू झाला. त्यातील मोठी झालेली मुले पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ मध्ये 'उगम' या नावाने एकत्र आली. प्रौढांसाठी, आणि विशेषतः खेड्यातील प्रौढांसाठी, तेवढे सातत्य निर्माण झाले नाही.

दरम्यान विश्रांतीविषयीचे मतच पालटले. केमोथेरपी घेणाऱ्याने शक्य तितके पडून राहावे, हा सल्ला १९८० च्या दशकापर्यंत सर्वमान्य होता. त्या दशकात मेरिल विनिंगहॅम यांनी अमेरिकेत स्तनकर्करोगाच्या रुग्णांना सायकलसारख्या यंत्रावर मोजका व्यायाम देऊन पाहिला. १९९० च्या दशकात फर्नांडो डिमेओ यांनी जर्मनीत अत्यंत तीव्र केमोथेरपीनंतर रुग्णांना चालविले. थकव्यावर अमर्याद विश्रांती हा उतारा नाही, उलट स्नायू झिजून थकवा वाढतो, असे आढळू लागले. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या अभ्यासाने आणखी एक समजूत हलविली. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज आलेल्या १४१ स्त्रियांपैकी ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजने उचलली, त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही आणि सूज चिघळण्याचे प्रसंगही कमी आले. 'त्या हाताने काहीच उचलू नका' हा सल्ला ज्या स्त्रीला पाणी भरायचे आहे व जुलैत भाताची लावणी करायची आहे तिच्यासाठी अशक्य होता. तो अनावश्यकही होता, हे कळायला एवढा काळ जावा लागला. टाटा रुग्णालयाने स्तनकर्करोगाच्या ८५० स्त्रियांमध्ये योगाभ्यासाचा परिणाम तपासून त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर तीन वर्षे नियोजित व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ८० टक्के, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात सुमारे ७४ टक्के होते. पॅटरसनच्या टोपल्या शंभराहून अधिक वर्षांनी वेगळ्या आजारात परत आल्या. या वेळी सोबत पुरावाही आला.

या चाचणीतील एक तपशील बहुधा दुर्लक्षिला जातो. दोन्ही गटांना आरोग्याविषयी छापील माहिती मिळाली होती. फरक पडला तो माणसामुळे: रुग्णाला ठरावीक दिवसांनी भेटणारा, त्याचे चालणे मोजणारा, पायरी वाढविणारा प्रशिक्षक. उपचार संपवून गावी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती बहुतेक वेळा फक्त कागद असतो.

जबडा, खांदा, पाऊल

शासकीय योजनांचा विचार येथे करावा लागतो. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि कर्करोगाचे खर्चिक उपचार अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आले. ही उपलब्धी मोठी आहे. परंतु योजनेची रचना प्रामुख्याने शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी अशा क्रियांवर बेतलेली आहे. रेल्वेच्या स्लीपर वर्गात कर्करोग्याला भाड्यात पूर्ण सवलत मिळते, तीही उपचार व तपासणीच्या प्रवासासाठी. पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र विनामूल्य चालते व तेथे वेदनेबरोबर रोजच्या जगण्याचाही विचार होतो. वरव्याहून ते पुण्याच्याच वाटेवर आहे. अशी केंद्रे संख्येने थोडी आहेत.

सार्वजनिक चर्चेत या काळाची जागा जिद्दीच्या कथांनी घेतली. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते केंद्रीय कृषिमंत्री म्हणून कामाला लागले. तंबाखूजन्य सवयींविरुद्ध त्यांनी पुढे जाहीरपणे बोलणे हे सामाजिकदृष्ट्या मोलाचे ठरले. तथापि अशा उदाहरणांतून लोकांच्या मनावर ठसते ते मनोधैर्य. फिजिओथेरपी, आहारतज्ज्ञ, वाहन आणि मदतनीस हे त्या चित्राबाहेर राहतात. मग गावातला माणूस सहा महिन्यांनीही थकलेला असेल, तर त्याची जिद्द कमी पडली असा अर्थ निघतो. तो अन्यायाचा आहे.

कारण गावातील बरे होणे हे फार लहान आणि फार नेमक्या गोष्टींवर अवलंबून असते. मानेतील गाठी काढताना खांद्याच्या एका मज्जातंतूला इजा झाली तर हात खांद्यावर जात नाही. डोक्यावर पाटी घेणाऱ्याचे काम तेथेच थांबते. काही औषधांनी पावले बधिर होतात. शहरात ती गैरसोय असते, भातखाचराच्या निसरड्या बांधावर अनवाणी चालणाऱ्याला तो धोका असतो. किरणोपचारांनी लाळ आटते व जिभेची चव जाते. चव बहुधा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत परतू लागते, लाळ पुष्कळदा पूर्ववत होत नाही. हे आधी सांगितलेले नसेल तर तोंडाला मातीची चव लागणारा माणूस जेवण सोडतो आणि घरचे त्याला हट्टी ठरवितात. आंबील, ताक, तूप घालून कालवलेला मऊ आंबेमोहोर भात अशा गोष्टी तेव्हा कामी येतात. त्या मावळच्या घरात अनोळखी नाहीत. कोणत्या आठवड्यात काय द्यावे, एवढेच सांगणारे कोणी हवे असते.

तोंड उघडण्याचा व्यायाम हे याचे सर्वांत साधे उदाहरण. मुखाच्या शस्त्रक्रियेनंतर व किरणोपचारांनंतर जबडा आखडतो. रुग्णाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला सांगतात आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवितात. हा व्यायाम दिवसातून अनेकदा, महिनोन्महिने करावा लागतो. मध्येच सोडला तर कमावलेले अंतर पुन्हा आटते. दवाखान्यात हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, पस्तीसच्या आत असेल तर जबडा आखडला असे धरतात. घरी मोजण्याची रीत बोटांची आहे: स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात गेली म्हणजे पुरेसे. केसपेपरवर मिलिमीटर राहतात. तीन बोटे कोणत्या दिवशी मावली आणि भाकरीचा पहिला तुकडा कोणत्या दिवशी चावता आला, हे ज्या बाईने काड्या मोजून दिल्या तिला ठाऊक असते, आणि तिला ते अद्याप कोणी विचारलेले नाही.